डव्हटेलमधली उजेडाची रेघ

७ जुलै, सोमवार

बावीसपैकी नऊ हजर. लावणी सुरू झाली की आयटीआयतला आमचा वर्ग असा होतो आणि ऑफिसातून कागद येतो, गैरहजेरीचं कारण द्या. कारण काय देऊ, भात.

नऊ जणांना शेवटचा जॉब पुन्हा पहिल्यापासून सांगितला. डव्हटेल. लोखंडाचे दोन तुकडे, एकाला तिरक्या कडांची खाच, दुसऱ्याला तशीच जीभ. कानस मारून मारून असे बसवायचे की एकात एक सरकले पाहिजेत आणि खिडकीसमोर धरले तर मधून उजेड दिसता कामा नये. फिटर ट्रेडची दोन वर्षं ती एवढ्यासाठीच.

पिरंगुटच्या एका कंपनीतून फोन. १८ तारखेला त्यांचे टूलरूमचे साहेब येणार, आमच्यातला एक अप्रेंटिस घेणार. म्हणाले, "मार्क नका दाखवू. मार्क तुमच्याकडे सगळ्यांनाच चांगले असतात. जॉब दाखवा." टोमणा कळला. गिळला.

घेतली तर निकिताला घेतील. कोळवणची, वर्गातली एकटी मुलगी, हात शांत. तिकडे एका बंगलेवाल्या बाईंनी तिला घरकामाला विचारलंय. राहणं-खाणं तिथंच, एक ऑगस्टपासून. आई म्हणते हो म्हणून टाक. निकितानं सांगितलंय, "अठरा तारीक होऊ द्या, मंग बोलते." म्हणजे पोरीचं सगळं त्या दोन तुकड्यांवर आहे.

८ जुलै, मंगळवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉप रिकामं. निकिताचा जॉब फडक्यावर नीट ठेवलेला. सहज उचलला, खिडकीकडे धरला. डावीकडे केसाएवढी उजेडाची रेघ. म्हणजे उजवीकडे कुठंतरी जरा अडतंय. बारीक कानस हाताशीच होती. जीभ व्हाइसच्या जबड्यात धरली, चार हात मारले. पाचवा मारला. परत जुळवून पाहतो तर आता उजवीकडून उजेड, चांगला पेराएवढा लांब.

लोखंड काढता येतं, परत घालता येत नाही. पहिल्या आठवड्यात हे मीच सांगतो पोरांना.

आणि हे काही आजचं नाही. तपासणीआधी जॉबवर हात फिरवायचा, ही आमच्याकडची रीतच. मी ज्यांच्या हाताखाली आलो तेही करायचे. पोरं डबे खात असतात, आपण एकेका व्हाइसपाशी थांबत जायचं, कुणाची कड, कुणाचा कोपरा. निकाल बरा दिसतो. पोरांना कळत नाही, कळलं तरी कोण तक्रार करणार. मी आधी टूलरूममध्ये होतो, तिथली वर्षं हातात बसलीत, वाकडी कड दिसली की हात जातोच. आज चष्मा टेबलावर राहिला होता. हे कारण नाही. लिहून ठेवतो फक्त.

निकिता डबा धुऊन आली. जॉब धरला. परत धरला. काटकोन बघायला गुण्या लावला. मग म्हणाली, "सर, माज्याच हातनं जास्त गेलं वाटतं. सकाळी तर बरं व्हतं."

मी म्हणालो, "होतं असं."

९ जुलै, बुधवार

निकितानं नवा फ्लॅट मागितला, म्हणजे लोखंडी पट्टीचा तुकडा. एकाला एकच तुकडा, दुसरा हवा तर स्टोअरच्या रजिस्टरात पहिला बाद का झाला ते लिहावं लागतं. 'प्रशिक्षणार्थीची चूक' लिहिलं की तुकडा मिळतो आणि मूल्यमापनात गुण कापले जातात. दोन्ही कागद मीच भरतो.

"लिवा सर, चूक माजीच हाय," म्हणाली. वर मलाच धीर देत होती.

मी सांगितलं, स्टोअरची किल्ली ऑफिसात आहे, प्राचार्य आज नाहीत. किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती. बोलताना मांडीला टोचत होती.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. आजच यायची होती.

टेबलावर गुलाब, पेढ्यांचा पुडा. वर्गातल्या ओंकारनं भाषण केलं, मध्येच विसरला, सगळे हसले. निकितानं इंद्रायणी तांदळाची पिशवी आणलेली. "आयनं दिल्यात. मागच्या सालचं हायेत, पर वास हाय अजून." पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतला. तिला वाटलं असणार, सरांना असलं आवडत नाही.

"उद्यापास्नं लावणी हाय आमची. सोमवारी येते. तवर किल्ली घावंल ना?"

बायकोनं, शैलानं, संध्याकाळी तेच तांदूळ लावले. घरभर वास सुटला. पोट बरं नाही म्हणून सांगितलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. लाज वाटली. सरळ लाज.

१२ जुलै, शनिवार

मागच्या बॅचचे जॉब जपून ठेवावे लागतात. कुणी विचारलं तर पुरावा. आज ते कपाट उघडलं. कशासाठी ते इथं तरी खरं लिहितो. जुना चांगला डव्हटेल काढायचा, त्यावरचा नंबर घासायचा, निकिताचा नंबर पंचनं ठोकायचा. पाच मिनिटांचं काम. साहेबांना दाखवायला उत्तम जॉब तयार, निकिताला मार्क पुरे, रजिस्टरात काही लिहायला नको.

सापडलाही. उजेडाचा थेंब नाही. टेबलावर ठेवून बघत बसलो. मग उजव्या कोपऱ्यावरचे ओरखडे दिसले. तिरके, शेवटाकडे दाब जास्त. ही माझी घासायची तऱ्हा, टूलरूममधला जुना मुकादम यावरून शिव्या द्यायचा. आणखी काढले. तिसऱ्यावर मी, सहाव्यावर मी. नावं, नंबर वेगवेगळे, कोपरे माझे. शिकवलं मी, केलं मी, तपासलं मी, मार्क दिले मी. कपाट बंद केलं.

शैलाला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "मंग त्या कंपनीनं तुमालाच न्यायला पायजे." हसली नाही. काड्या बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "ती पोरगी आत्ता चिखलात उभी आसंल आन् डोक्यात एकच, की मला जमत न्हाई. तुमी हितं कपाटं उघडत बसा."

सोमवारी सांगणार. शैलासमोर बोललोय, आता फिरता येणार नाही.

१४ जुलै, सोमवार

सांगितलं.

निकिता लवकर आली होती, पहिल्या जीपनं. बोटांची टोकं पाण्यात भिजून पांढरी पडलेली. मी म्हणालो, तुझा जॉब तू बिघडवला नाहीस. मी मंगळवारी सुट्टीत कानस मारली. मला वाटलं होतं की ती म्हणेल, जाऊ द्या सर. तेवढं ऐकायची तयारी करून गेलो होतो.

ॲप्रन घालून झाला, दोरी बांधून झाली. मग म्हणाली, "मला वाटलं माजी नजरच गेली. तीन दिस आयसंग धड बोलले न्हाई मी. बंगलेवाल्या बाईंना व्हय म्हणून कळवायला सांगितलं व्हतं काल आयला. आय इसरली म्हणून बरं."

मी माफी मागितली. पंचावन्नाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या पोरीची. अवघड गेलं नाही. अवघड पुढं होतं.

निकितानं विचारलं, "आन् सर, आधीचे? पयल्या वर्षीचे माजे जॉब? त्यांनापन तुमी हात लावलावता?"

म्हणालो, आठवत नाही. खरंच आठवत नाही. बावीस जण, वर्षाला इतके जॉब, सुट्टीत हात चालत असतो. समोर आला तर माझा कोपरा ओळखेन, एवढं म्हणालो.

"म्हंजी मला येतं का न्हाई, ते तुमालाबी म्हाईत न्हाई."

मी सगळ्यांना सांगत फिरतो की मुलगी हुशार आहे, हात शांत आहे. मला काय माहीत. मी माझेच कोपरे बघून खूश होत होतो की काय.

रजिस्टरात लिहिलं: जॉब बाद, निदेशकाची चूक. म्हणजे माझी. सही. तुकडा दिला.

१५ जुलै, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावलं. रजिस्टर उघडंच होतं टेबलावर. "असं कुणी लिहितं का हो? उद्या वरून तपासणी आली तर सगळ्या वर्गाचे जॉब काढतील. खोडा आणि मुलीच्या नावावर टाका, गुण मी बघतो." माणूस वाईट नाही. संस्था लहान, तुकडी बंद पडायची भीती त्यांना कायमची.

म्हणालो, खोडत नाही. एवढंच.

निकितानं दिवसभरात नवी जीभ कापून घेतली. मी तिच्या व्हाइसपासून लांब स्टूल टाकून बसलो.

१६ जुलै, बुधवार

दोन्ही हात खिशात. पोरं हसतात. "सर, थंडी वाजतीय का?" ओंकारनं विचारलं. वाजू दे म्हणालो.

नुसतं बघणं फार कठीण. निकिता डावीकडे जास्त दाब देते, दोन वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण ते चुकीचं दिसायच्या आधीच मी दुरुस्त करत असणार. तोंडानं सांगितलं, "डावा खांदा सोड." तिनं सोडला. मग पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं. सहाव्यांदा स्वतःच थांबली आणि खांदा सोडला. शिकवणं म्हणजे हे असेल तर माझं बरंच राहून गेलंय.

सुट्टीत मी पण वर्गाबाहेर बसून डबा खाल्ला. आत थांबलोच नाही.

१८ जुलै, शुक्रवार

साहेब आले. चाळिशीचे, कमी बोलणारे. सगळे जॉब खिडकीच्या कट्ट्यावर मांडले होते. एकेक उचलून उजेडाला धरायचे, खाली ठेवायचे. निकिताचा धरला. रेघ आहे. डावीकडे, बारीक, पण आहे. ती समोरच उभी होती, तिलाही दिसत होती. ओंकारचा धरला. काळाकुट्ट, उजेड नाही. "हा छान आहे," म्हणाले.

छान असणारच. गेल्या महिन्यात त्यावर मी अर्धा तास घालवला होता.

गप्प बसलो असतो तर ओंकारचं काम झालं असतं. तोही गरजूच आहे, तोही माझाच विद्यार्थी. प्राचार्य शेजारी उभे. तरी बोललो. "साहेब, यातल्या बऱ्याच जॉबवर माझा हात आहे. हिच्या या जॉबवर नाही. बाकीचे बघा, पण माझे म्हणून बघा."

ओंकारची मान खाली गेली, ते मला विसरता येणार नाही.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. माहीत मात्र सगळ्यांना आहे." मग भंगारातला एक तुकडा व्हाइसमध्ये लावायला सांगितला. "ज्याला यायचंय त्यानं माझ्यासमोर दहा मिनिटं घासायचं." चौघं पुढं झाले. निकिता, ओंकार, आणखी दोघं. साहेब बघत कमी होते, कानशीचा आवाज ऐकत जास्त होते. निकिताच्या वेळी मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आवाज येत होता. मध्ये एकदा थांबला. खांदा सोडला असणार.

"सोमवारपर्यंत कळवतो," म्हणून गेले. प्राचार्य माझ्याशी बोलले नाहीत.

ओंकारला थांबवून बोलायला गेलो. "ऱ्हाऊ द्या सर," म्हणाला आणि सायकल काढली.

२१ जुलै, सोमवार

फोन नाही. सकाळपासून चारदा मोबाइल बघितला.

सकाळीच निकितानं तिचे सगळे जुने जॉब मागितले. पहिल्या वर्षीचे. कट्ट्यावर ओळीनं मांडले, गुण्या लावून एकेक तपासला, वहीत काहीतरी टिपलं. मग मला बोलावलं. "सर, ह्यातलं माजं कोंचं ते सांगा. तुमचा कोपरा तुमाला वळखता येतो म्हनालावता."

चष्मा लावून बघितले. सात होते. चारांवर मी होतो, ते सांगितलं. दोन तिचे, नक्की. सातवा कळेना. कितीतरी वेळ फिरवून बघितला. सांगितलं, हा मला सांगता येत नाही. तिनं तो वेगळा ठेवला, खिशात घातला. का ते विचारलं नाही.

मग तिनं भंगारातला तुकडा घेतला आणि पहिल्या वर्षीचा पहिला जॉब परत सुरू केला. नुसता चौकोनी ठोकळा. सहा बाजू, सगळ्या काटकोनात. मी स्टुलावर बसलो. थोड्या वेळानं ओंकारही तुकडा घेऊन शेजारच्या व्हाइसवर आला. माझ्याशी बोलला नाही, पण आला.

घरी निघताना मोबाइल बघितला. पावणेपाचचा मिस कॉल, कंपनीचा नंबर. दोन कानशींच्या आवाजात ऐकूच आला नव्हता. परत लावला तर कुणी उचलला नाही, सुटली असणार त्यांची पाळी. वर्कशॉपात परत जाऊन निकिताला सांगितलं, म्हणालो उद्या दहाला लावतो.

निकितानं मान वर केली नाही. "लावा सर. ही बाजू आजून सरळ झाली न्हाई."