आधी धाकटा

नवीन पनवेल, मंगळवार

गावाहून मला या कामावर सुरेशदादानेच आणलं, लोकांच्या घरी नेट जोडायला त्यानेच शिकवलं. "मॉडेम थोरला, राऊटर धाकटा. घरात आधी धाकट्याला वाढतात ना? मग सुरूही आधी तोच करायचा." तसंच करत आलो. दिवा लालच राहायचा. मग दादा यायचा, मला वायर बघायला गच्चीवर पिटाळायचा, आणि मी खाली येईतो दिवा हिरवा. मालक म्हणाला, "आता आणखी एक तक्रार आली की गावाला जा."

आज एका काकूंनी खोक्यातला इंग्रजी कागद वाचला. "अरे, उलटं करतोयस. आधी मॉडेम, मग राऊटर." केलं. दिवा हिरवा! मला तो कागद वाचता येत नाही, हे दादाला माहीत होतं. म्हणूनच उलटं शिकवलं ना?

खोलीवर आलो तर त्याने माझं ताट आधी वाढलेलं. "बस, धाकट्या."

जेवलो नाही.