इस्त्रीच्या रुमालातला दात

१४ मे, सोमवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. लॉन्ड्री चालू आहे. बॉयलरने दोन दिवस नाटकं केली, आता गप्प आहे. तुझ्या निळ्या शालीवरचा चहाचा डाग गेला एकदाचा.

भिंगरी नीट जेवते का? पुढच्या दातांनी काही चावू देऊ नकोस. तार टोचत असेल तिला.

फोनवर तुला एक सांगायचं होतं. तीनदा तोंडाशी आलं आणि तीनदा बॉयलरचं पुराण लावून मी फोन ठेवला. आज सकाळपासून दोन शर्ट उलटे घडी करून दिले. हात कामावर आणि जीव भलतीकडे. म्हणून काउंटरवरच लिहायला बसले आहे. गिऱ्हाईक आलं की कागद चादरींच्या गठ्ठ्याखाली सरकवते.

सुट्टीत माझ्याकडे आलेली भिंगरी कशी पडली ते तुला माहीत आहे. ओली फरशी, नको तेवढी घाई, आणि इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा. समोरचा दात मुळासकट बाहेर. तिथपर्यंतचं सगळं मी तुला खरं सांगितलं.

पुढचं नाही सांगितलं.

दात मी उचलला. मुळाला लालसर, पातळ असं काहीतरी चिकटलेलं होतं. मला दुसरं काय दिसणार? रक्त म्हटलं की माझे हात आपोआप चालू होतात. सुकायच्या आत काढायचं, बस्स. गार पाणी, साबण आणि कॉलरचा ब्रश. लखलखीत होईपर्यंत घासला. मग इस्त्री केलेल्या कोरड्या रुमालात घडी घालून ठेवला. वर स्वतःवर खूश होते, ताई. डॉक्टरीणबाई म्हणतील, काय स्वच्छ आणलाय.

भिंगरी तोंडाला टॉवेल लावून बोटाने चहाच्या दुधाचं पातेलं दाखवत होती. "मावशी, दुधात ठेव. शाळेत सांगितलंय." मी म्हटलं, "गप बस, रक्त येतंय, बोलू नकोस." दहा वर्षांच्या पोरीला जे माहीत होतं ते मी ऐकून घेतलं नाही.

दवाखान्यात बाईंनी दात उजेडात धरला आणि विचारलं, "हा घासला कुणी?" माझं धाबं दणाणलं. मी म्हटलं, "तिनंच धुतला असेल नळाखाली, मी धावपळीत होते." भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मग टॉवेल पुन्हा तोंडाला लावला. बाईंनी दात जागेवर बसवला, तारेनं बांधला. संध्याकाळी तू फोनवर तिला किती बोललीस, आठवतं? "एवढी मोठी झालीस, दाताला हात कशाला लावलास?" ती म्हणाली, "चुकलं." मी शेजारी उभी होते, मूग गिळून.

परवा मी पुन्हा त्या बाईंकडे गेले. म्हटलं, समजा, कुणी ब्रशनं घासलाच असेल तर? त्या म्हणाल्या, दात वरच्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. मळलाच असेल तर नुसता विसळायचा आणि जमलं तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात घालून अर्ध्या तासात यायचं. मुळावरची ती पातळ साल गेली की दात पुन्हा नीट धरत नाही, आतून झिजत जातो. मग उपचारही वेगळे करावे लागतात. आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो दात अर्ध्या तासात आलेला नव्हता, बाई."

नव्हताच. पाऊण तास लागला. रिक्षा मिळाली नाही म्हणून नाही. टेबलावर एका गिऱ्हाइकाचा पांढरा कोट होता, संध्याकाळी द्यायचा. तिच्या तोंडातलं रक्त त्यावर उडालं होतं. मी आधी तो कोट धुतला, ताई. ती स्टुलावर टॉवेल धरून बसली होती आणि मी कोट धूत होते. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

कोटावर डाग राहिला नाही. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

गुरुवारी तुमच्याकडचे डॉक्टर तार काढणार ना? त्यांना आधी हे सांग: साबण, ब्रश, कोरडा रुमाल, पाऊण तास. लिहूनच ने, बोलताना माझी बाजू घेशील. दात वाचेल की नाही ते तेच सांगतील. नाहीच वाचला, तर तिला आरशासमोर एकटीला उभं राहू देऊ नकोस. मी येईन, तू येऊ दिलंस तर.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना रिक्षात ती म्हणाली होती, "मी आईला नाही सांगणार." तेव्हापासून तिनं मला मावशी म्हणून हाक मारलेली नाही. फोनवर नुसतं "हं" म्हणते.

हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. कोटाचं गाळू नकोस. आणि तू तिला रागावलीस त्याची माफी तू नको मागूस, ती माझ्याकडून यायची आहे. भिंगरी, तू दाताला हातसुद्धा लावला नव्हतास. मी खोटं बोलले. दुधाचं तू बरोबर सांगितलं होतंस.

तुझी धाकटी बहीण,
आणि भिंगरीला वाटलं तर तिची मावशी