कुणाच्या हाकेला कोंबड्या येतात

ताई, आधी पाय जरा पुढे कर, इथूनच डोकं टेकवतो. गुडघे काय म्हणतात? दाजींचं बागकाम आणि त्यावरून होणारी तुमची भांडणं दोन्ही जोरात असतील असं धरून चालतो. आम्ही ठणठणीत आहोत. मला थोडा खोकला आहे, पण गाण्याच्या मास्तरला खोकला झाला की शिष्यांच्या प्रकृतीला आराम पडतो, त्यामुळे घरोघरी आनंद आहे.

तू उबवायला दिलेल्या अंड्यांबद्दल लिहायचं राहूनच गेलं. एकही वाया गेलं नाही. पिल्लं तळहातावर मावत होती तोवर आम्ही ती शेजारीपाजारी मिरवली. मग एकेकाच्या डोक्यावर तुरा दिसायला लागला आणि आमचे चेहरे उतरायला लागले. पाच कोंबडे निघाले, ताई! (तुला दोष देत नाही. अंड्यावर लिहिलेलं नसतं.) मागच्या अंगणात दिवसभर हाणामारी, जुन्या कोंबड्यांच्या पाठीवर पीस उरलं नाही, अंडी जवळजवळ बंद. शेवटी हिनं, म्हणजे तुझ्या लाडक्या भावजयीनं, निकाल दिला की एक कोंबडा ठेवायचा, बाकीचे शुक्रवारी कोंबडीवाल्याच्या पिंजऱ्यात. आणि कुठला ठेवायचा ते मी ठरवायचं. (यात माझ्यावरचा विश्वास वगैरे काही नव्हता. पुढेमागे चुकलं तर कुणाला बोलायचं, एवढं तिनं आधीच ठरवून टाकलं.)

मी माझ्या पद्धतीनं गेलो. पहाटे चादर गुंडाळून स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलो आणि एकेकाचं आरवणं कान देऊन ऐकलं. एकाचा सूर उतरताना घसरतो, एकाला दम पुरत नाही, एक नुसताच घाईत. पण चौथा! सोनेरी मान, काळी कमानदार शेपटी, आणि आवाज असा की बसल्या जागी माझी पाठ ताठ झाली. त्याला मी तिथल्या तिथे राजे म्हणायला लागलो आणि निवड संपली असं जाहीर केलं. पाचव्याचं नाव फाटका. त्याची शेपटी इतरांनी उपटून टाकलेली, आणि आवाज म्हणजे आपल्या न्हाणीघराच्या दाराची बिजागरी. त्याचं आरवणं मी पूर्ण ऐकलंसुद्धा नाही.

त्याच सकाळी राजांनी माती उकरली, मान खाली घातली आणि टुक टुक टुक करून कोंबड्यांना बोलावलं. बघ बघ, किती मनाचा मोठा, असं मी हिला ओरडून सांगितलं. ही कपडे वाळत घालत होती. तिनं मान न वळवता विचारलं, "तिथं आहे का काही खायला?" मी जाऊन पाहिलं. वाळलेलं पान होतं. दुपारी पुन्हा हाक, पुन्हा काही नाही, आणि मग माझ्या लक्षात आलं की राजांच्या हाकेवर एकही कोंबडी मान वर करत नाही. एवढा आवाज, आणि ऐकायला मी एकटा!

आणि आता हे नीट वाच, कारण हे लिहिताना आत्तासुद्धा माझ्या अंगावर काटा आलाय. फाटक्याला एक पांढरी जाड अळी सापडली. इतर कोंबडे त्याला दाण्यापाशी फिरकू देत नाहीत, म्हणजे तो उपाशीच. त्यानं ती अळी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, आणि त्या बिजागरीच्या आवाजात हळूच टुक टुक केलं. कुंपणाच्या पार टोकापासून कोंबड्या धावत आल्या, ताई! एकीनं अळी गिळली आणि हा एक पाऊल मागे सरून बघत उभा राहिला. मी पायरीवरून उठून उभा राहिलो. दुसरं काय करावं ते सुचेना.

मग मी शिकवण्या बुडवून अंगणातच ठाण मांडलं. घार आली की फाटका एक लांब, बारीक, दबका सूर काढतो आणि सगळ्या झुडपाखाली गडप. मांजर आलं की तुटक, खडखडीत आवाज, आणि सगळ्या माना वर करून उभ्या. एवढ्याशा चोचीत दोन वेगळ्या बातम्या, आणि ऐकण्यात कुणाची चूक नाही! (राजे वाळत घातलेल्या सदऱ्यालाही दोन्ही आवाज देतात.) मलाही चेव आला. उकिडवा बसून टुक टुक केलं, कोंबड्या आल्या, माझे हात रिकामे. दुसऱ्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलावलं, एकही आली नाही. ही दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती.

तर फाटका राहिला. अंडी पुन्हा सुरू झाली आहेत, आणि तो वाटीतला दाणा आता पोटभर खातो, अर्थात सगळ्यांचं झाल्यावर. दाजींना नमस्कार, पोरांना पाठीत एकेक लाडाचा धपाटा.

तुझा धाकटा

ता. क. कोंबडीवाल्यानं तिघांना नेलं. राजांना उचललं तेव्हा ते त्याच्या बगलेतून असे काही आरवले की मी त्यांना हिसकावून परत घेतलं. हे पत्र आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडे एक झाकलेली टोपली आहे. ती सावकाश उघड.

ता. क. दुसरा. हिला वाटतं, आवाजाच्या मोहापायी मी हे करतोय. तसं नाही. काल मी राजांपुढे एक खरी अळी टाकली. त्यांनी ती उचलली, ठेवली, उचलली, ठेवली आणि बोलावलं. कुणी आलं नाही. पुन्हा बोलावलं. फाटक्याच्या मागे सगळ्या खुशाल माती उकरत होत्या. राजे बराच वेळ त्या अळीपाशी थांबले, ताई, पण त्यांनी ती खाल्ली नाही. तुझ्या कोंबड्या त्यांना अजून ओळखत नाहीत. पहिले काही दिवस तेवढं कर, त्यांनी हाक मारली की कुणाला कळू न देता त्यांच्या पायाशी चार दाणे टाकत जा.