यात्रा संपेपर्यंत

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! खोली लहान, पण खिडकी ऐसपैस. खाली सगळा रस्ता डोंगराकडे निघालेल्या यात्रेकरूंनी फुललाय. दवाखाना नवाकोरा, रंगाचा वास अजून गेलेला नाही. इथल्या मुख्य नर्सला सगळे ताई म्हणतात. त्यांनी माझी नर्सची टोपी स्वतःच्या हाताने सरळ केली. म्हणाल्या, यात्रा भरली की मान वर करायला फुरसत मिळत नाही, आत्ताच पोटभर जेवून घे. मी लाज न बाळगता दोनदा वाढून घेतलं. आईला फोन केला, तुझी लेक सुखात पडली म्हणून.

बुधवार, ६
वॉर्ड खोकल्याने भरलाय. तपासणीत विषाणू निघाला, श्वासातून पसरणारा. मोठ्या डॉक्टरांनी मात्र ‘थकवा’ असं लिहायला सांगितलं. बाहेर कळलं तर चेंगराचेंगरी होईल, म्हणे. ज्याला चालता येतं त्याला खोकल्याचं औषध द्यायचं आणि परत गर्दीत सोडायचं. मी तोंड उघडलं, तर ताईंनी दंडाला हलकेच चिमटा काढला. बाहेर आल्यावर समजावलं, नव्या सुनेने पहिल्याच आठवड्यात सासऱ्याला उलट बोलू नये.

शुक्रवार, ८
आई आली! मला न सांगता, शेजारणींबरोबर यात्रेला. पण अंगात ताप आणि छातीत घरघर. ताईंच्या हातापाया पडून कॉट मिळवली. शेजारच्या कॉटवर एक शिवणकाम करणारी आजी आहे. तिला धाप लागलीय, तरी जीभ कात्रीसारखी चालते. आईच्या अंगावरचा दवाखान्याचा झगा बघून म्हणाली, हा शिवणाऱ्याला आधी भरती करा. दोघींची चांगलीच गट्टी जमलीय.

रविवार, १०
ज्यांचे ओठ निळे पडतात त्यांना मागच्या खोलीत नेतात. आज स्ट्रेचरची एक गाडी मी ढकलली. तिथे ऑक्सिजन नाही, खिडकी नाही. कडी बाहेरून. आत मेलेले आणि न मेलेले एकाच रांगेत. ताईंनी माझा घाम पुसला, अगदी मायेने. म्हणाल्या, यात्रा संपेपर्यंत या दवाखान्यात कोणी मरत नाही, वरून तसा हुकूम आहे. कडी लावताना आतून कुणीतरी दारावर थाप मारली.
नंतर ताईंनी चहा दिला. मी प्यायले.

मंगळवार, १२
ऑक्सिजन संपत आलाय. ताई म्हणाल्या, या दोघींपैकी एकीलाच पुरेल. तूच ठरव.
मी आजीची गाडी ढकलली. घरी सोडताय का गं, तिने विचारलं. हो आजी, म्हटलं. वाटभर आशीर्वाद देत होती. दार दिसलं तशी तिने माझी बाही धरली. बोटं एकेक करून सोडवावी लागली.
आईने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. घरी गेली. आईला केवढा आनंद झाला.

बुधवार, १३
मला ताप. खोकला. अंग ठणकतंय. पण आई आज स्वतःच्या हाताने जेवली. जिवात जीव आला.

गुरुवार, १४
दुपारी डोळा लागला. उठले तर आईची कॉट रिकामी. चादरसुद्धा बदललेली.
ताई म्हणाल्या, सकाळपासून हट्ट धरून बसल्या होत्या, त्या शिवणवाल्या बाईंसारखं मलाही घरी सोडा. वडीलधाऱ्यांचं मन किती मोडायचं? शिवाय कॉट हवीच होती—
मी धावले. कडी काढली. ताई आडव्या आल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या—

आत आहे. मागून कडी लागली. दाराच्या फटीतल्या उजेडात लिहितेय. हाका मारून घसा बसला. हात लावून लावून शोधतेय. थंड. हाही थंड. कुणीतरी माझा गणवेश ओढतंय—

आई सापडली. गरम आहे. श्वास आहे. मला ओळखलं नाही. ताई समजतेय. विचारते, घर आलं का हो?
आलं, म्हटलं.
म्हणते, मग माझ्या लेकीला कळवा, मी सुखरूप पोचले म्हणून, ती उगाच काळजी कर