आठातून दहा वाटल्याची हकीकत

देवास, गुरुवार

ती. सौ. मेधावहिनींच्या चरणी धाकटे दीर मोरोपंत यांचे दंडवत. इकडे सर्व क्षेम आहे, एक सर्व्हर सोडून. दादांचा गुडघा कसा आहे? धारच्या किल्ल्यावर फिरायला जाणं त्यांनी बंद केलं, की गुडघ्याने? मी फोनच करणार होतो, पण परवा चाळिसाव्या मिनिटाला तुम्ही म्हणालात, "भाऊजी, उरलेलं लिहून पाठवा." म्हणून हे पत्र.

समाजाचं वधूवर नोंदणीचं संकेतस्थळ वाचनालयातल्या सर्व्हरवर चालतं आणि तो सांभाळण्याचा मान माझ्याकडे आहे. (मान म्हणजे पंखा माझ्या घरून नेलेला.) तुळशीची लग्नं लागली आणि गर्दी उसळली. एक पान उघडायला चार-चार मिनिटं! खातेगावच्या एका मातोश्रींनी मुलाचा फोटो उघडला. तो कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरेस्तोवर मुलाचा साखरपुडा दुसरीकडे झाला. (अतिशयोक्ती नाही, पेढे मी स्वतः खाल्ले आहेत.) सभेत ओरड झाली, तसा मी उठलो. उठल्यावर मला बसता येत नाही, हे तुम्ही जाणताच. फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरुवात करून मी गर्जना केली की येत्या रविवारपर्यंत हा सर्व्हर धावला नाही, तर मी वर्षभर माईकला हात लावणार नाही! टाळ्या थांबेनात. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. समाजाने माझ्यावर इतका विश्वास पूर्वी कधीच दाखवला नव्हता.

मग शोध सुरू झाला. मोकळी मेमरी पाहिली, तर आठ जीबीपैकी जेमतेम दीडशे एमबी! मी तिथल्या तिथे लुटारूंविरुद्ध वीस मिनिटं बोललो (श्रोते: आमची इंदू, बायको म्हणून नाइलाजाने). तेव्हा तुम्हीच फोनवर समजावलंत की सर्व्हर चालवणारा जो लिनक्स, तो रिकामी मेमरी वाया घालवत नाही, वाचलेल्या फायली तिथे ठेवतो आणि मागितली की जागा परत देतो. तेव्हा 'मोकळी' नव्हे, 'उपलब्ध' हा आकडा बघा. बघितला. तोही दोनशेच. म्हणजे लूट होतीच, फक्त माझा पुरावा चुकला होता.

पुढे तुम्ही स्वॅप सांगितलात, तो मी वहीत लिहून ठेवला आहे. ओट्यावर जागा संपली की पातेली माळ्यावर जातात. मेमरी म्हणजे ओटा, डिस्कवरचा स्वॅप म्हणजे माळा. माळा भरलेला असणं हा गुन्हा नाही, दर फोडणीला शिडी चढावी लागणं हा गुन्हा. पडद्यावर स्वॅपच्या आत-बाहेरचे दोन रकाने पाहिले, तर दर सेकंदाला हजारोंची ये-जा! बिचारा सर्व्हर काम करतच नव्हता, नुसता शिडीवर होता. आता मी पडलो क्रांतिकारक माणूस. मी माळाच पाडला. (स्वॅप बंद केला. तुम्हाला न विचारता. हे आज प्रथमच कबूल करतो.) त्याबरोबर लिनक्सने जागेसाठी सर्वांत जाडजूड प्रोग्रॅम हेरला आणि त्याचा जागीच शिरच्छेद केला. तो निघाला धाकट्या पातीचा डेटाबेस. अर्ध्या तासात त्या पातीचे फत्तेसिंगराव दारात: "मोरोपंत भिया, मारायला धाकटी पातीच सापडली काय?"

वहिनी, धारला गादी एकच, तुम्हाला हे दुखणं कळायचं नाही. आमच्या एका गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, मानपान राहिला. तीन वर्षांपूर्वी नोंदणी सुरू करताना कोणाची यादी आधी, यावरून चहा निवून गेला. तेव्हा मी समतेवर बोललो (तासभर, उत्तम झालं होतं) आणि दोन्ही पात्यांना स्वतंत्र डेटाबेस देऊन टाकला. सोयरिकी आपसांतच, म्हणून नावं दोन्हीकडे तीच. कोणाला कमीपणा नको, म्हणून प्रत्येकाला पाच-पाच जीबी मेमरी. परवा हे ऐकून तुम्ही इतकंच म्हणालात, "भाऊजी, आठातून दहा वाटलेत." नंतर बराच वेळ तिकडून नुसतं हसणं येत होतं.

उपाय तुम्ही सांगितलात तोच, दोघांना तीन-तीन. पण थोरल्यांचे बळवंतराव म्हणतात, "पेले उनका कम करो." फत्तेसिंगराव म्हणतात, "अगोदर त्यांचं घटवा." आणि मी दोघांच्या मध्ये, तत्त्वांसह उभा आहे. दादांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
मोरोपंत

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. शनिवारी दुपारी बारा वाजता तुम्ही धारमधूनच दोन्ही डेटाबेस एकाच क्षणी तीन-तीनवर आणाल का? मी तेव्हा दोघांसमोर चहा पीत बसेन, हात टेबलावर. वर्षभराच्या वाणीचा प्रश्न आहे, वहिनी!

आणखी ता. क. वहिनी, मी इंदू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. काल हे बाहेर गेले असताना बळवंतराव आणि फत्तेसिंगराव घरी आले. एकाच स्कूटरवर. दोघांचं जन्मात पहिल्यांदाच एकमत झालं आहे, मीही रुकार दिला. शनिवारी जेवायला नक्की या, पुरणपोळी करते. सर्व्हरला मात्र सोमवारी सकाळी हात लावा.