चिमीची पट्टी

सापगाव, मंगळवार संध्याकाळ

पट्टीचा कोपरा आजही उचकटलेला असणार, हे मला ठाऊक होतं. चिमीचा डावा डोळा आळशी आहे. तो कामाला लागावा म्हणून डॉक्टरांनी चांगल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलीय. दोन महिने झाले, फरक शून्य. रोज सकाळी कोपरे दाबूनच मी वाशिंदला कामाला जाते, मग काढतं कोण? संशय पोरीवरच होता.

आज मुद्दाम लवकर आले, तर पट्टी डाव्या डोळ्यावर! सासूबाई म्हणाल्या, "खराब डोळा झाकायचा गो. चांगला बांधून पोरीला आंधळं करतेस काय?" मी यायच्या आत त्या ती परत उजवीकडे चिकटवायच्या. म्हणून तो कोपरा.

पण चिमी का बोलली नाय?

विचारलं, तर म्हणाली, "आजीनं लावली की मला दिसतं."