परिपत्रक पोचल्याची सही

मु. टेकडी तांडा, पुसेगावच्या वरच्या अंगाला
सोमवार, ७ सप्टेंबर २००९

आदरणीय व्याही रतनसिंगजी पवार यांच्या सेवेशी,

पुनमचंद आडे याचा जय सेवालाल, आणि विहीणबाईंना हात जोडून रामराम. इकडची खुशाली सांगायची तर तुमची लेक संगिता ठणठणीत, नात मिना ठणठणीत (मातीचे खडे खाते, पण पचवते), आमच्या सौ. केशरबाईचे गुडघे सोडले तर बाकीची केशरबाई ठणठणीत, आणि तुमचा जावई प्रेमदास रोज सकाळी सोयाबीनमध्ये जातो आणि दिवस मावळला की जेवायला येतो, म्हणजे तोही ठीकच असावा. बोलत नाही, म्हणून खात्री देत नाही. माझे म्हणाल तर छातीत धडधड, कानात शीळ, डाव्या पायाला मुंग्या, आणि राग. पहिल्या तिन्हींच्या गोळ्या दवाखान्यात मिळतात. तुमच्या डोंगरकड्याला केळीचे घड कसे आहेत आणि विहीणबाईंचा खोकला कसा आहे, हे उलट टपाली कळवावे. (खोकला किती दिवसांचा आहे हे जरूर लिहावे. हल्ली मी सगळ्यांच्या खोकल्याचे दिवस मोजतो.)

रागाचे कारण असे. परवा उकंडराव आला. हा आरोग्य केंद्राचा माणूस, फटफटीवर बसून गावोगाव सरकारी कागद पोचवतो आणि फटफटीवरून कधी उतरत नाही. मला तर त्याला खाली पाय आहेत की नाहीत याचीच शंका आहे. त्याने संगिताच्या हातात एक नोटीस दिली. तिच्यात लिहिले आहे की, स्वाइन फ्लूच्या साथीचे परिपत्रक टेकडी तांड्याच्या आशा कार्यकर्तीला १३ ऑगस्ट रोजी पोचलेले असून, पोचल्याची सही असूनही, तिने घरोघरी पाहणी केली नाही, आठवड्याचा तक्ता पाठवला नाही, सबब तिला कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. संगिताने दोनदा वाचले आणि शांतपणे म्हणाली, "मला तर कागदच भेटला न्हाई, भाऊ." उकंडराव म्हणाला, "सही हाय ना पण. सही हाय म्हंजे कळलं." आणि फटफटीला लाथ मारून गेला.

पाहा व्याहीबुवा, हे यांचे कळवणे! ज्या पोरीने दोन वर्षांत या तांड्यातली एकही बाळंतीण घरात अडू दिली नाही, डोस पाजायच्या दिवशी झाडावर चढलेली लेकरं खाली उतरवून नेली, तिला ही नोटीस. मी चौथी पास आहे (पाचवीला बसलो होतो, पण बैल हरवला म्हणून परत गेलो नाही), तरी मला एवढे समजते की कळवणे म्हणजे समोरच्या माणसाला कळणे. यांच्यात तसे नाही. मुंबईहून जिल्ह्याला कागद निघाला, जिल्ह्याने सही केली, जिल्ह्याला कळले. तिथून तालुक्याला, तालुक्याने सही केली, तालुक्याला कळले. तिथून केंद्राला. प्रत्येकाने सही करून कागद खाली ढकलला, आणि जिच्या दारात तापाचा माणूस येऊन बसणार तिच्यापर्यंत आला कोण, तर न उतरणारा उकंडराव. मधल्यांपैकी एकाने तरी तिला समोर बसवून विचारले का, की बाई, तापाचा माणूस आला तर काय करशील, सांग बरं? माझ्या गुरुजींनी पाढा शिकवला तर म्हणवून घेतला होता. सही नव्हती घेतली.

बरे, कागद राहू द्या. यांनी फोनवरून कळवायचेही ठरवले होते. संगिताकडे फोन नाही म्हणून केंद्राच्या वहीत माझ्या मोबाइलचा नंबर आहे. (प्रेमदासने घेऊन दिला. मी तो फक्त उचलतो, लावत नाही.) ऑगस्टच्या सुरुवातीला त्यात एक संदेश आला. उघडून पाहतो तर सगळ्या चौकटीच चौकटी, कोरे घर आखल्यासारख्या. मला वाटले फोनला रोग झाला. पुसेगावच्या बाजारात मुबश्शीरच्या दुकानात नेला. त्याने पाहिले आणि हसला. म्हणाला, "चाचा, सरकारनं मराठीत धाडलंय, तुमच्या डब्याला मराठी येत न्हाई." चार दिवसांनी दुसरा संदेश आला, तो इंग्रजीत. तो डब्याला आला, पण आमच्या घरात कोणाला आला नाही. पुन्हा मुबश्शीरकडे गेलो तर त्याच्या दुकानावर ही गर्दी, तीजेच्या सणाला पुण्याहून परतलेली सगळी पोरं रिचार्ज करायला उभी, आणि त्यातली निम्मी खोकतायत. मी तिथूनच परत फिरलो. म्हणजे रोगाची माहिती घ्यायला गेलो असतो तर रोगच घेऊन आलो असतो.

आणि या मुदतीत सगळ्या तांड्याला सगळे कळले होते, एका आशेला सोडून. शेजारच्या अनुसयाबाईच्या घरी छत्रीचा टीव्ही आहे. तिला सकाळी पुण्याचे आकडे कळत, दुपारी मुंबईचे. ती हातपंपावर संगिताला गाठून सगळ्या बायांसमोर विचारायची, "काय गं आशा, तो मास्क कंचा घालावं, हिरवा का पांढरा? सरकारी बाई तू आन् समद्यांनी विचारावं मला?" संगिता हसून घडा भरायची. पण घरी आल्यावर तो घडा तिने चुलीपाशी ज्या रीतीने ठेवला, त्यावरून मला कळत होते. (केशरबाईला मी म्हणालो की पोरीला बोलणे लागलंय. ती म्हणाली, तुमाला बरं दिसून राहिलंय या वयात, घडा कसा ठेवला ते!)

मग केंद्रात दर महिन्याची बैठक असते, तिथे तरी सांगतील, म्हणून तुमची लेक मिनाला कडेवर घेऊन दोन कोस चिखलातून चालत गेली. दाराला कुलूप. कुलपावर कागद: साथ असल्यामुळे गर्दी टाळावी, सबब साथीबाबतची माहिती देण्याची बैठक रद्द. व्याहीबुवा, मी हे रचून सांगत नाही. मी तो कागद पाहिलेला नाही, पण संगिता खोटे बोलत नाही. तिथे आणखी सहा आशा उभ्या होत्या, गर्दी करून. सहाजणींनी तो कागद वाचला आणि आपापल्या गावी गेल्या. त्या कागदावर सही मागायला कोणी नव्हते, एवढेच काय ते नशीब.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे माझी धडधड सुरू झाली. आमच्या गल्लीच्या टोकाचा रणजीत पुण्यात इमारतीच्या कामावर असतो, तोही तीजेला आला होता. १६ ऑगस्टला त्याला ताप भरला. असा ताप की त्याची आई ओरडत आमच्या दारात आली, "संगे, चल गं, पोरगं भाजून राहिलं!" बाकीचा सगळा तांडा दार लावून फटीतून पाहत होता. अनुसयाबाईने तर टीव्हीसुद्धा बंद केला. आणि तुमची लेक पदर नाकावर ओढून सरळ आत गेली. मी अंगणातून ओरडलो, "काहून जातेस? सांगितलंय का तुला कोनी?" ती म्हणाली, "सांगायला कशाला पायजे, मामा? ताप हाय." तिने गोळी दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, जीप बोलवायला लावली आणि त्याला हिंगोलीला पोचवून आली. तिथे त्याच्या घशाचा नमुना घेतला. काय निघाले ते कळवतो म्हणाले. रणजीत बरा होऊन पुण्याला गेलासुद्धा, नमुन्याचे अजून कळवलेले नाही. मी मात्र त्या दिवसापासून दहा दिवस संगिताचा खोकला ऐकत बसलो. ती खोकली नाही. एकदा भाकरी थापताना पीठ नाकात गेले आणि शिंकली, तर मी उठून उभा राहिलो.

आणि अशा पोरीला हे विचारतात, कमी का करू नये! मी कलेक्टरसाहेबांना लिहिणार आहे. वरपर्यंत लिहिणार आहे. प्रत्येकाला विचारणार आहे की तुम्हाला कोणी कळवले होते, आणि कसे. राग फार झाला की माझे अक्षर बिघडते, म्हणून इथेच थांबतो. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, खोकल्याचे दिवस लिहायला विसरू नये.

आपला कृपाभिलाषी,
पुनमचंद आडे

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. तुम्ही लगेच इकडे या आणि विहीणबाईंचे पोट दुखते म्हणून संगिताला महिनाभर माहेरी घेऊन जा. (पोटच सांगा. खोकला सांगितला तर ती येईल, पण औषधांची पिशवी घेऊन.) साथ सरेपर्यंत तिला केळीच्या बागेतून बाहेर पडू देऊ नका. काम गेले तर जाऊ द्या. खुलाशाचे मी पाहतो.

दुसरा ता. क. खुलाशाचे मी पाहतो असे वर लिहिले आहे, पण मला पाहता येत नाही, कारण ती सही माझी आहे. १३ ऑगस्टला सगळ्या पोरी तीजेच्या टोपल्यांतल्या गव्हाला पाणी घालत होत्या, संगिता त्यांच्यात होती, आणि उकंडरावाने ओट्यापाशी फटफटी चालूच ठेवून वही पुढे केली. "बाबा, करा सही, धा गावं राहिलीत." मी केली, संगिता आडे अशी. मग लिफाफा उघडला. मी बोट ठेवून वाचतो. पहिल्याच ओळीत होते की ताप-खोकल्याच्या प्रत्येक घरी आशाने स्वतः जावे. त्या 'स्वतः'वर माझे बोट थांबले ते थांबलेच. घरात तीन वर्षांचे लेकरू आहे, व्याहीबुवा. मी कागद घडी करून लग्नात घालायच्या कोटाच्या खिशात टाकला. वाटले, कळलेच नाही तर जाणार नाही. नोटीस आल्यावर केशरबाई देवळात गेली असताना तो काढून पुढचे पान वाचले. त्यात लिहिले होते: घरी जाण्याआधी केंद्रातून मास्क घ्यावा, रुग्णापासून हातभर लांब राहावे, साबणाने हात धुवावेत. ती तीन दिवसांनी रणजीतच्या घरी गेली तेव्हा हे सगळे माझ्या कोटात होते आणि ती पदर लावून त्याच्या उशाशी बसली होती. पोरीला मी हे सांगू शकत नाही. तुम्ही बाप आहात. तुम्ही येऊन सांगा. मी त्या दिवशी शेतात जाईन.

तिसरा ता. क. (बुधवार.) पाकीट दोन दिवस चिकटवायचे राहिले आणि तेवढ्यात मीच सांगून बसलो. तिने मिनाला खाली ठेवले, हात पुढे केला, दोन्ही पाने उभ्यानेच वाचली. मला वाटले रडेल किंवा अबोला धरेल. म्हणाली, "मामा, तुमी चौथी शिकलात ना? मंग लिवा खुलासा. आन् या खेपी सही सोताच्या नावाची करा." लिहिला. उकंडराव घेऊन गेला, साहेब कळवतील म्हणाला. (कळवतील!) त्याच दिवशी ती केंद्रातून मास्क घेऊन आली. एका आशेला एक. परिपत्रकात पुढे असेही आहे म्हणे की पासष्टच्या वरच्यांनी जास्त जपावे. तिने माझे वय विचारले. मी म्हणालो, आमच्या वेळी कोण लिहून ठेवत होतं! आतून केशरबाई ओरडली, "अडुसष्ट!" तर तो मास्क सध्या माझ्या तोंडावर आहे. तांड्यात नव्वद घरे आहेत, बत्तीस झाली. मी मास्क लावून उंबऱ्याबाहेर नावे लिहितो आणि ती पदर लावून आत जाते. किती बोललो तरी ऐकत नाही, कागदात लिहिलंय म्हणते.

म्हणून माहेरी न्यायचे वर जे लिहिले ते रद्द समजावे. तुमच्याकडे औषधाच्या दुकानात मास्क मिळत असेल तर एक घेऊन या. बारीक नाकाचा पाहा, तिचे नाक विहीणबाईंवर गेले आहे. टपालाने पाठवू नका, कोणाबरोबर धाडू नका, स्वतः या आणि तिच्याच हातात द्या. मी ओट्यावर बसलेला असेन. माझ्याजवळ देऊ नका.